फाळका आधी

सेलेदोनियाने काच फोडली ती मंगळवारी सकाळी, गावातल्या एकुलत्या एका दुकानासमोर, सात माणसं बघत असताना. माणसं मोजायची तिला गरज पडली नाही. पिएद्रा आल्तामध्ये सकाळी दहाला त्या दुकानाच्या बाकावर कोण कोण बसतं हे सगळ्यांना पाठ आहे.

कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं तिने पिकअपच्या मागे टाकलं, टपाची वर उचललेली काच खाली ओढली, मूठ फिरवून बंद केली, आणि मग खाली लोंबणारा लोखंडी फाळका दोन्ही हातांनी उचलून धाडकन लावला. फाळक्याची कड काचेच्या खालच्या कडेवर बसली. काच क्षणभर जागेवरच थांबली आणि मग खडीसाखरेचा डबा उपडा व्हावा तशी खाली आली. बाकावरच्या सातही जणांनी एकदम दुसरीकडे बघायला सुरुवात केली. हसण्यापेक्षा ते वाईट होतं.

या खोऱ्यात पिकअपला टप नाही असं घर नाही. मागच्या उघड्या हौद्यावर फायबरचं छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मागे वर उचलायची काच, असा तो टप. त्यात लोक लाकडं आणतात, मेंढ्या नेतात, शिकारीला गेले तर झोपतात. मागची काच फाळक्यावर बाहेरून येऊन बसते, म्हणून लावताना फाळका आधी, काच नंतर. उघडताना उलटं. हे इथल्या पोरांना नाव लिहायच्या आधी येतं. चुकतात ते शहरातले जावई, आणि एकदा चुकले की दर नाताळच्या जेवणात त्यांची काच नव्याने फुटते.

सेलेदोनिया काही शहरातली नव्हती. एकसष्ट वर्षांची, याच खोऱ्यात जन्मलेली, गेली पस्तीस वर्षं निम्म्या खोऱ्याच्या नवऱ्यामुलींचे पोशाख शिवलेली बाई. पण तिचा नवरा लेआंद्रो याने अडतीस वर्षांच्या संसारात पिकअपच्या मागच्या भागाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. "तू बस, मी लावतो," एवढंच म्हणायचा. ती पुढे जाऊन बसायची आणि मागून दोन आवाज ऐकायची: आधी धप्प, मग खट्. मग तो येऊन शेजारी बसायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी त्याचं हृदय थांबलं आणि तेव्हापासून पिकअप ती चालवत होती. मागचा भाग उघडायची वेळ आली ती मंगळवारी, पहिल्यांदाच.

संध्याकाळी मुलाचा, आन्सेल्मोचा, अल्बुकर्की शहरातून फोन आला. बाकावरच्या सातांपैकी कोणीतरी आपलं काम केलं होतं.

"आई, काच फुटली म्हणे."

"फुटली नाही. मी फोडली."

"फाळका आधी. पोरासोरांनाही येतं हे. ही एक गोष्ट विसरलीस, तर त्या डोंगरावर एकटी जाऊन आणखी काय काय विसरशील?"

डोंगराचं प्रकरण असं होतं की सहा वर्षांनी यंदा पिन्योन लागला होता. पिन्योनची बुटकी झाडं दर वर्षी देत नाहीत. मनात येईल तेव्हा देतात, आणि देतात तेव्हा सगळं खोरं चादरी, चाळण्या घेऊन वर जातं, झाडांखाली गुडघ्यांवर बसून ते इवले तेलकट दाणे वेचतं आणि रात्री टपाखाली झोपतं. लेआंद्रो आणि ती असे पाच हंगाम गेले होते. पुढचा येईल तेव्हा ती सदुसष्ट-अडुसष्टची असेल. यंदाचा सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

"रविवारी येतो आणि पिकअप घेऊन जातो," आन्सेल्मो म्हणाला. "इथे गिऱ्हाईक आहे. तू पण इकडेच ये राहायला. हिवाळ्यात तिथे एकटी काय करणार आहेस?"

"आणि रविवारी काच जागेवर असली तर?"

"तर राहू दे पिकअप. पण काच हं. प्लास्टिक आणि चिकटपट्टी नाही."

त्याने हे हसत हसत कबूल केलं, कारण तो पूल बांधणाऱ्या कचेरीत इंजिनीयर होता आणि पाच दिवसांत काय होऊ शकतं याचा त्याला अंदाज असे. सेलेदोनियाने फोन ठेवला. पिकअप गेली तर डोंगर गेला, दुकान गेलं, चर्च गेलं. मग अल्बुकर्कीला सुनेच्या मागच्या खोलीत बसून कोणाच्या तरी पडद्यांना दुमडी घालायची. हे तिने उभ्याउभ्याच पाहिलं आणि तिला भीती वाटण्याऐवजी राग आला. रागात तिचे हात नेहमीच चांगले चालत.

बुधवारी तिने चौकटीतून काचेचे खडे झाडून काढले. काचेभोवतीची रबराची पट्टी अलगद सोडवली, साबणाच्या पाण्यात धुतली आणि दोरीवर वाळत घातली. पट्टी सव्वीस वर्षांची होती, पण कुठे तडकली नव्हती, कारण लेआंद्रो दर थंडीच्या आधी तिला ग्लिसरीन चोळायचा. बायकोच्या हातांना चोळायला कधी सुचलं नाही, असं ती पट्टी वाळत घालताना मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोंबड्या होत्या.

मग तिने शिवणाच्या टेबलावरचा तपकिरी कागद आणला, अॅल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून चिकटवला आणि बोटाने दाबत कडेची खूण उमटवत गेली. चौकटीचे वरचे दोन कोपरे गोल होते, आणि एक गोल दुसऱ्यासारखा नव्हता. दोन खांदे कधी सारखे नसतात हे तिला पस्तीस वर्षांपासून माहीत होतं, त्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही. खुणा झाल्यावर तिने कात्री चालवली, घडी घातली आणि पाकिटावर सवयीने तारीख लिहिली.

गुरुवारी ती एस्पन्योलाला गेली. तिथे एलिसेओचं काचेचं दुकान. एलिसेओ आन्सेल्मोच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोंपाद्रे, आणि दोघं पस्तीस-छत्तीस वर्षं एकमेकांशी अहो-जाहोनेच भांडत आली होती.

"या टपाची काच आता कारखान्यात होत नाही, कोमाद्रे," तो चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. "करून घ्यायची तर तीन आठवडे."

"माझ्याकडे तीन दिवस आहेत. तुमच्या मागे एवढी काच उभी आहे, त्यातली कापून द्या."

"ती कडक केलेली काच. तिला हात लावला की तुमच्या मंगळवारसारखं होतं."

मंगळवार एस्पन्योलापर्यंत पोचला होता तर. सेलेदोनियाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. एलिसेओ खोकला.

"दुसरी एक आहे. मोटारीच्या पुढच्या काचेसारखी, दोन काचा आणि मध्ये पापुद्रा. ती कापता येते. फुटली तरी सांडत नाही. पण मला चौकट आणून द्या, त्याशिवाय मी कापत नाही. लोक कागद आणतात, मी कापतो, काच बसत नाही, मग एलिसेओ चोर."

"तुमच्या तिन्ही मुलींचे लग्नाचे पोशाख मी कशावरून कापले?"

"कागदावरून."

"एकीचा तरी उसवावा लागला?"

"नाही," एलिसेओने कबूल केलं. त्याने कागद टेबलावर पसरला, हाताने सपाट केला, इकडून तिकडून बघितला आणि सहज विचारलं, "चौकटीच्या खुणेवरच कापलाय ना?"

सेलेदोनिया उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिने कागद आपल्याकडे ओढला. पेन्सिलीची खूण आत होती आणि कात्री गेली होती तिच्या बाहेरून, चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच सोडून, इतक्या सारख्या अंतराने की एखाद्या नवख्या पोरीला दाखवावं. पस्तीस वर्षं तिने कुठलाही कागद खुणेवर कापलाच नव्हता. शिवणीला जागा सोडायची, हे हातांनी तिला न विचारताच केलं होतं.

"काचेला शिवण नसते, कोमाद्रे," एलिसेओ अगदी गंभीरपणे म्हणाला.

"ते मला कळलंय."

"दुमडून शिवायची असेल तर आधी सांगा. मी दोरा आणतो."

"कात्री द्या आणि गप्प बसा."

तिने तिथेच खुणेवरून कापायला घेतलं. एलिसेओने तिचा हात थांबवला. खुणेवर नाही, खुणेच्या आत, सगळीकडून एक सूत कमी. काच आणि चौकट यांच्यामध्ये रबर बसतं, त्याला श्वास घ्यायला जागा लागते. हे ऐकून तिला मनापासून बरं वाटलं. कापडापेक्षा उलटं होतं, पण नियम होता, आणि नियम कळला की तिला काही अवघड वाटत नसे.

तासाभरात काच कापून, कडा घासून, घोंगडीत गुंडाळून झाली. पैशाचं विचारलं तर एलिसेओ म्हणाला, डोंगरावरून आल्यावर एक पिशवी पिन्योन, भाजलेले. मग त्याने एक लांब सुती दोरी तिच्या हातात दिली आणि कृती सांगितली. रबर काचेभोवती चढवायचं. त्याच्या बाहेरच्या खाचेत ही दोरी सगळीकडून बसवायची आणि टोकं आत लोंबती ठेवायची. साबणाचं पाणी लावायचं. बाहेरून एकाने काच दाबून धरायची, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढत यायचं; दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ चौकटीवर चढत जातो.

"म्हणजे परकराची नाडी," सेलेदोनिया म्हणाली. "फक्त घालायच्याऐवजी काढायची."

"आणि दोघं लागतात. एकट्याने करू नका."

एकट्याने करू नका असं कोणी म्हटलं की ते एकटीने करून बघणं तिला भागच होतं. शनिवारी तिने करून बघितलं. एक कोपरा बसला की समोरचा सुटे. दोरी दातांत धरून, पाठ छपराला लावून, पायाने काच रेटून तिने तीनदा प्रयत्न केला, आणि तिसऱ्यांदा काच जवळजवळ खाली गेली तेव्हा शहाणपणाने थांबली. शेजारची नणंद बेर्साबे शुक्रवारीच डोंगरावर गेली होती. दुकानासमोर बाकावर सात जण होते, त्यातला कोणीही आनंदाने आला असता आणि त्याचा आनंद तिने दहा वर्षं ऐकला असता. तिने काच पुन्हा घोंगडीत गुंडाळून हौद्यात आडवी ठेवली, दोरी रबरात नीट ओवून ठेवली आणि राजमा भिजत घातला. उद्या एक माणूस आपणहून येणारच होता.

आन्सेल्मो प्रार्थना आटोपून अकरा वाजता आला. बायकोने त्याला फाटकाशी सोडलं आणि ती एस्पन्योलाला आपल्या आईकडे निघून गेली; परत जाताना तो पिकअप चालवत जाणार होता. पांढरा इस्तरीचा सदरा, खिशात पेन. सेलेदोनियाने त्याला आधी हिरव्या मिरचीचा रस्सा आणि राजमा वाढला, तीन पोळ्या जबरदस्तीने खायला घातल्या. मग तो मागे गेला आणि रिकाम्या चौकटीतून हात आरपार घालून बघू लागला.

"काच नाही, आई."

"आहे. आत आडवी आहे."

"बसवलेली नाही. ठरलं होतं रविवारी जागेवर असेल."

"रविवार संपला का?"

आन्सेल्मोने घड्याळ बघितलं. बारा वाजत होते.

"बाह्या वर कर," ती म्हणाली. "बाहेरून दाबायला माणूस हवा."

"मी? म्हणजे मीच तुला मदत करायची, माझ्याविरुद्ध?"

"बारा पूल बांधलेस, त्यातला एक तरी एकट्याने बांधलास?"

त्याने पेन काढून ठेवलं, बाह्या दुमडल्या. काच बघितल्यावर मात्र तो जरा चपापला. कोपऱ्याचा वाकडा गोल हुबेहूब चौकटीसारखा होता. ती हौद्यात शिरली, आतून उकिडवी बसली आणि चौकट तिने खाली ओढून घेतली. त्याने बाहेरून काच टेकवली. सगळीकडे साबणाचं पाणी. ती वरच्या मधल्या भागापासून दोरी ओढत निघाली, एका वेळी दोन बोटं, आणि रबराचा ओठ ओला आवाज करत चौकटीवर चढू लागला.

"जिथे मी ओढते तिथे दाब. पुढे पळू नकोस."

"दाबतोय."

"तळहाताने. बोटांनी नाही."

काचेच्या पलीकडे त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता, घामेजलेला, जीभ दातांत धरलेला, पाच वर्षांचा असताना सुई ओवायचा तेव्हासारखा. खालची बाजू अजून मोकळी होती, त्यामुळे बोलणं स्वच्छ ऐकू जात होतं. तिने ठरवलं की सांगायचं ते आत्ताच सांगावं, कारण आत्ता त्याला काच सोडून जाता येणार नव्हतं.

"फोनवर तू म्हणालास, मी विसरले."

"आई, ते जाऊ दे."

"जाऊ देणार नाही. दाब. मी विसरले नाही. जे येतं ते माणूस विसरतो. मला ते कधी येतच नव्हतं. अडतीस वर्षं तुझ्या बापाने मला पुढे बसवलं. मला वाटायचं लाड करतोय. करतच होता. पण तो गेला आणि मला साधा फाळका लावता येत नव्हता, आन्सेल्मो. एकसष्टाव्या वर्षी, सात माणसांसमोर. आता तूही म्हणतोस, तू बस, मी बघतो. तुझंही प्रेमच आहे, मला कळतं. पण मला आता पुढे नुसतं बसायचं नाही."

ती ओढेल तिथे आन्सेल्मो दाबत राहिला, आता अगदी बरोबर जागी, ती सांगायच्या आधीच. शेवटचा कोपरा तोच वाकडा गोल होता. दोरी तिथे अडली, तिने साबणाचं बोट फिरवलं, श्वास रोखून ओढली आणि रबर टप्पकन चढलं. दोरी तिच्या मांडीवर येऊन पडली. काच चौकटीत इतकी निवांत बसली होती की जणू मंगळवार झालाच नव्हता.

त्याने दोन बादल्या पाणी वरून ओतून बघितलं. इंजिनीयरच तो. आत थेंब आला नाही. त्याने तिसरी बादली ओतली.

"पुरे," ती आतून म्हणाली. "विहीर आटेल."

मग त्याने आपणहून सामान भरायला घेतलं. गादी, चादरी, दोन चाळण्या, पाण्याचे डबे, तवा, कंदील. ती फराळाची टोपली घेऊन घरातून आली तेव्हा सामान लागलं होतं आणि आन्सेल्मो मागे उभा राहून नव्या काचेकडे कौतुकाने बघत होता. त्याने काच खाली घेतली, मूठ फिरवली, ती खट् वाजली म्हणून समाधानाने मान हलवली, आणि वाकून, दोन्ही हातांनी, फाळका उचलला.

सेलेदोनियाने टोपली टाकली. अंगाचा सगळा भार देऊन तिने दोन्ही हात फाळक्यावर मारले आणि तो काचेपासून चार बोटांवर दाबून धरला. टोपलीतली अंडी अंगणात घरंगळली.

आन्सेल्मोने काचेकडे बघितलं, मग फाळक्याकडे, मग आईच्या हातांकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"तुला तरी तुझ्या बापाने कधी हात लावू दिला होता का रे?" तिने हळूच विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. "'हो बाजूला, मी लावतो,'" तो बापाच्या आवाजात म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला, आणि मग दोघंही हसायला लागली, फाळका तसाच हातात धरून. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. हात रिकामे नव्हते.

"पिकअप कुठे जात नाही," शेवटी तो म्हणाला.

"जातेय की. डोंगरावर. आत्ताच."

"आणि मी घरी कसा जाऊ?"

"बायको उद्या तुझ्या सासूकडून परत जाईल तेव्हा तुला घेईल. उद्या सुट्टी टाक. कोंबड्यांना सकाळी दोन मापं. तांबडी चोच मारते, तिला आधी घाल."

तो काहीतरी म्हणणार होता, पण त्याने खाली वाकून फुटली नव्हती ती अंडी गोळा केली. तिने फाळका अलगद खाली सोडला आणि अंडी टोपलीत घेतली.

"लाव," ती म्हणाली. "तू लाव."

"तू बघ नीट लावतोय का."

"मी नाही बघणार."

ती पुढे गेली, लेआंद्रोच्या जागेवर चढून बसली, टोपली शेजारच्या जागेवर ठेवली. आरशात बघायचा मोह झाला, पण तिने मान वळवली नाही. हात चाकावर ठेवून ती ऐकत राहिली. मागे काच उघडल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. पोरगा विचार करत असावा.

धप्प.

मग खट्.

तिला लेआंद्रोची फार आठवण आली आणि त्याचा फार रागही आला. दोन्ही बरोबर घेऊन तिने किल्ली फिरवली.